ती तारीख नेमकी कशाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोकप्रिय संगीतात त्या त्या दिवशी काय घडले हे सांगणारा रोजचा छोटा कार्यक्रम सुरू करायचा आहे. तारखा कशा निवडायच्या, एकाच घटनेच्या दोन-तीन तारखा सापडल्या तर कोणती धरायची, आणि कोणते दिवस सोडू नयेत? रेडिओसाठी असे दिनविशेष लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे जरा ऐसपैस लिहिते.

तारखांच्या याद्या ढिगाने मिळतात. त्यांचा उपयोग आठवण करून देण्यापुरताच. यादीतली ओळ उचलण्याआधी तिला एक प्रश्न विचारायचा: त्या दिवशी नेमके काय झाले? गाणे ध्वनिमुद्रित झाले, दुकानात आले, रेडिओवर वाजले, विक्रीच्या यादीत पहिले आले, की ते ऐकून कुठे काही हलले? या सगळ्या वेगवेगळ्या घटना आहेत आणि बहुतेक याद्यांत त्या एकमेकींत कालवलेल्या असतात.

५ जुलै १९५४ घ्या. सोमवारची संध्याकाळ, मेम्फिसचा सन स्टुडिओ. एकोणीस वर्षांचा एल्व्हिस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर, बेसवर बिल ब्लॅक, आणि काचेपलीकडे मालक सॅम फिलिप्स. संथ, भावुक गाणी करून पाहिली, पण रंग भरेना. मधल्या सुटीत एल्व्हिसने आर्थर क्रडपचे जुने ब्लूज गाणे ‘दॅट्स ऑल राइट’ मस्तीत, चढ्या लयीत गायला घेतले. बाकीचे दोघे त्यात शिरले. आतून सॅम फिलिप्सने विचारले, हे काय चाललेय, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावले. रॉक अँड रोलच्या प्रत्येक इतिहासात हा दिवस असतो. पण त्या रात्री स्टुडिओबाहेर कोणालाही काही कळलेले नव्हते. दोन-तीन दिवसांनी मेम्फिसच्याच डब्ल्यूएचबीक्यू केंद्रावर ड्यूई फिलिप्सने (आडनाव एक असले तरी सॅमचा नातेवाईक नव्हे) ते गाणे लावले, फोन खणखणू लागले, त्याने ते पुन्हा पुन्हा लावले. घाबरून सिनेमाला जाऊन बसलेल्या एल्व्हिसला शोधून आणले आणि त्याची मुलाखत घेतली. मुलाखतीत शाळेचे नाव मुद्दाम विचारले. शहरातल्या शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या, त्यामुळे गाणारा गोरा आहे हे श्रोत्यांना आपोआप समजले. हे प्रसारण ७ जुलैचे की ८ चे, यावर चरित्रकारांचे एकमत नाही. तबकडी बाजारात आली १९ जुलैला.

मी ५ जुलै घेते, पण ‘रॉक अँड रोलचा जन्मदिवस’ असे म्हणत नाही. त्या दिवशी मधल्या सुटीत जे घडले ते सांगण्यासारखे आहे, म्हणून घेते. श्रोत्यांवर झालेला परिणाम सांगायचा असेल तर प्रसारणाची रात्र हवी, आणि तिची तारीख पक्की नसल्याने ती ५ जुलैच्याच गोष्टीत ‘पुढच्या दोन-तीन दिवसांत’ अशी गुंफायची. वादग्रस्त तारखेवर अख्खा भाग उभा करण्यापेक्षा हे बरे.

याच वर्षातले दुसरे उदाहरण उलट्या स्वभावाचे आहे. बिल हेलीचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १२ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या पायथियन टेंपलमध्ये मुद्रित झाले. कंपनीचा जीव तबकडीच्या पुढच्या बाजूवरच्या दुसऱ्याच गाण्यात होता, बराच वेळ त्यातच गेला आणि हे गाणे उरलेल्या वेळात उरकले. मे महिन्यात तबकडी आली आणि फार काही न करता विरून गेली. मग मार्च १९५५ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या नामावलीवर ते वाजले आणि ९ जुलै १९५५ रोजी बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या यादीत पहिले आले. मधल्या काळात काय झाले पाहा: त्या गाण्यातला तो प्रसिद्ध, धबधब्यासारखा कोसळणारा गिटारचा तुकडा ज्याने वाजवला, तो डॅनी सेड्रोन १७ जून १९५४ रोजी जिन्यावरून पडून गेला. आपण काय वाजवून ठेवले हे त्याला कधी कळलेच नाही. इथे मी १२ एप्रिल किंवा ९ जुलै न घेता १७ जून घेईन. तारीख याद्यांत फारशी नसते, आणि नेमकी त्यामुळेच पूर्ण गोष्ट तिच्यातून सांगता येते.

दूरचित्रवाणीच्या तारखांत सर्वांत मोठा घोळ मुद्रण आणि प्रसारण यांचा. मायकल जॅक्सनने ‘बिली जीन’ गाताना मूनवॉक केला तो मोटाउन या तबकड्यांच्या कंपनीच्या पंचविसाव्या वर्षाच्या सोहळ्यात. सोहळा पॅसाडिनाच्या सभागृहात २५ मार्च १९८३ रोजी झाला आणि एनबीसी वाहिनीवर दिसला १६ मे १९८३ रोजी. मधले सात आठवडे ती चाल फक्त सभागृहातल्या लोकांनी पाहिलेली होती. दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेजांत पोरे मागे सरकत चालू लागली ती १७ मेला. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, वाक्य मात्र तारखेप्रमाणे बदलायला हवे. ‘२५ मार्चला जगाने मूनवॉक पाहिला’ हे वाक्य चुकीचे आहे आणि ते मला वारंवार दिसते.

काही घटना मध्यरात्र ओलांडतात. अनेक कलाकारांनी मिळून गायलेल्या ‘वी आर द वर्ल्ड’चे मुद्रण हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत २८ जानेवारी १९८५ च्या रात्री, अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सचा समारंभ आटोपून कलाकार तिकडे पोहोचल्यावर सुरू झाले आणि २९ च्या सकाळपर्यंत चालले. वुडस्टॉक महोत्सवाच्या पत्रकावर १५ ते १७ ऑगस्ट १९६९ असे छापलेले होते. पाऊस, चिखल आणि कोलमडलेले वेळापत्रक यामुळे शेवटचा कलाकार जिमी हेंड्रिक्स मंचावर आला तो सोमवारी १८ तारखेच्या सकाळी. बहुतेक गर्दी तोवर पांगलेली होती. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे त्याने गिटारवर केलेले ते रूप चित्रपटामुळे जगभर गेले, प्रत्यक्ष ऐकणारे तुलनेने थोडे. महोत्सव वुडस्टॉक गावात झालाही नाही, तो झाला बेथेल इथल्या मॅक्स यास्गरच्या दूधव्यवसायाच्या शेतावर. हा तपशील ऐकून श्रोते हमखास पत्र पाठवतात.

अल्बमच्या प्रकाशन-तारखांवर मी सर्वांत कमी विश्वास ठेवते. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ची अधिकृत तारीख १ जून १९६७, पण ब्रिटनमध्ये तो २६ मे रोजीच घाईने दुकानांत पोहोचला होता आणि अमेरिकेत २ जूनला आला. बॉब डिलनचा ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’ आणि बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ एकाच दिवशी, १६ मे १९६६ रोजी आले, ही जोडगोळी फार लाडकी आहे. मात्र डिलनच्या अल्बमवरचे काही काम जूनपर्यंत चालू होते असे नंतरच्या संशोधकांनी दाखवले, म्हणजे तो मेमध्ये येणे अवघड. मोह कितीही झाला तरी ही जोडी मी सोडून दिली आहे. त्या काळात कंपन्यांना नेमका दिवस महत्त्वाचा वाटतच नसे. माल गोदामातून निघाला की दुकानदार पेटी फोडून विकायला लागे. एका ठरलेल्या दिवशी सगळ्या जगात एकदम प्रकाशन ही अगदी अलीकडची गोष्ट. १० जुलै २०१५ पासून शुक्रवार हा जगभरचा प्रकाशनाचा दिवस ठरला. त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार आणि अमेरिकेत मंगळवार असे. म्हणून २०१५ नंतरच्या अल्बमची तारीख शुक्रवारी पडत नसेल तर एकदा तपासून पाहा. मुद्दाम वेगळा दिवस निवडणारे असतात, पण थोडे.

लोकप्रियतेच्या याद्यांच्या तारखा वेगळ्या कारणाने फसव्या. ४ एप्रिल १९६४ च्या बिलबोर्डमध्ये पहिली पाचही गाणी बीटल्सची होती: ‘कान्ट बाय मी लव्ह’, ‘ट्विस्ट अँड शाउट’, ‘शी लव्ह्ज यू’, ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ आणि ‘प्लीज प्लीज मी’. घटना खरी, विक्रमही खरा, पण ती अंकावरची तारीख आहे. विक्रीचे आकडे त्याआधीच्या दिवसांतले. ‘४ एप्रिलच्या अंकात’ एवढे तीन शब्द घातले की काम भागते. ब्रिटनमधली पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ च्या न्यू म्युझिकल एक्स्प्रेसमध्ये आली. साप्ताहिकाच्या माणसाने मोजक्या दुकानांना फोन करून काय खपतेय ते विचारले आणि बारा क्रमांकांची यादी तयार केली. काही गाण्यांची बरोबरी झाल्यामुळे बारा क्रमांकांत पंधरा तबकड्या बसल्या. पहिल्या क्रमांकावर अल मार्टिनोचे ‘हिअर इन माय हार्ट’. ज्या यादीवर नंतर लाखोंचे व्यवहार ठरले तिची सुरुवात अशी चार फोन फिरवून झाली, हे मला कुठल्याही विक्रमापेक्षा जास्त आवडते.

जन्म-मृत्यूच्या तारखा तरी पक्क्या असतील असे वाटते ना? लुई आर्मस्ट्राँग आयुष्यभर आपला जन्म ४ जुलै १९०० चा सांगत आला, आणि अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन म्हणजे जॅझच्या राजाला शोभेसा दिवस. त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी बाप्तिस्म्याची नोंद सापडली, ती ४ ऑगस्ट १९०१ सांगते. कंट्री गायक हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ ला गेला असे अधिकृतरीत्या मानतात. ओहायोतल्या कँटनच्या कार्यक्रमाला निघालेल्या गाडीत मागच्या सीटवर तो पडून होता, आणि वेस्ट व्हर्जिनियात ओक हिलजवळ पहाटे ड्रायव्हरच्या लक्षात आले की तो जिवंत नाही. प्राण वर्ष संपण्याआधी गेला की नंतर, हे कोणालाच सांगता येणार नाही. निर्वाना गटाचा गायक कर्ट कोबेन याचा मृतदेह ८ एप्रिल १९९४ रोजी मिळाला. ५ एप्रिल हा वैद्यकीय तपासणीवरून काढलेला अंदाज आहे. अशा ठिकाणी ‘सापडला’ आणि ‘गेला’ ही क्रियापदे जपून वापरावीत.

घड्याळाचा फरकही लक्षात ठेवा. बीटल्सपैकी जॉन लेननवर न्यूयॉर्कमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा तिथे ८ डिसेंबर १९८० ची रात्र होती, अकराला काही मिनिटे कमी. लंडनमध्ये ९ डिसेंबरची पहाट होत आलेली. अमेरिकेतल्या अनेकांना ही बातमी एबीसी वाहिनीवर चाललेल्या अमेरिकी फुटबॉल सामन्याच्या समालोचनातच कळली. त्याच्या गावच्या, लिव्हरपूलकरांच्या, आठवणीत तो दिवस ९ तारखेचाच आहे. मायकल जॅक्सन लॉस एंजेलिसमध्ये २५ जून २००९ च्या दुपारी गेला, तेव्हा आशियात २६ उजाडलेली होती. जिथे घटना घडली तिथले घड्याळ धरायचे, हा माझा नियम, आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणीत दुसरी तारीख असेल तर तेही एका वाक्यात सांगून टाकायचे.

इतके झाल्यावर मुख्य गोष्टीकडे येते. दिनविशेषात सर्वांत वजनदार ते दिवस, ज्या दिवशी गाणे वाजले आणि त्या वाजण्यानेच काहीतरी घडले. असे दिवस थोडे असतात.

९ फेब्रुवारी १९६४ हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला. अमेरिकी दूरचित्रवाणीवर एड सलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स पहिल्यांदा आले, स्टुडिओत सातशेच्या आसपास माणसे आणि घराघरांतून सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षक. यात मुद्रण आणि प्रसारण एकाच वेळी, म्हणून तारखेचा वाद नाही. पुढे नावारूपाला आलेल्या कितीतरी अमेरिकी वादकांनी आपली सुरुवात त्या रविवारच्या रात्रीपासून सांगितली आहे.

माझ्या मते याहून मोठा दिवस पोर्तुगालमधला आहे, आणि तो सांगताना थोडे मागे जावे लागते. ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजन स्पर्धा झाली. स्वीडनच्या आबा या गटाने ‘वॉटर्लू’ गाऊन ती जिंकली. सगळ्या याद्यांत एवढेच असते. त्याच स्पर्धेत पोर्तुगालकडून पाउलो द कार्व्हाल्यो ‘ई देपोइश दु आदेउश’ हे प्रेमभंगाचे गाणे घेऊन आला होता. त्याला फक्त ३ गुण मिळाले, म्हणजे शेवटून बरोबरीत. गोष्ट तिथेच संपली असती. पण अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री ११ वाजायला ५ मिनिटे असताना, लिस्बनच्या एका रेडिओ केंद्राने ते गाणे लावले. देशात जवळजवळ अर्धशतक हुकूमशाही होती, आणि ती उलथण्याचा कट रचलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी हे गाणे तयारीची खूण म्हणून ठरवलेले होते. निवड मुद्दाम निरुपद्रवी गाण्याची. नुकतेच युरोव्हिजनमध्ये गायलेले गाणे रेडिओवर लागले तर कोणाला संशय येणार?

दुसरी खूण मध्यरात्रीनंतर २० मिनिटांनी, म्हणजे २५ एप्रिलला, रादियो रेनासेन्सावर वाजली: जुझे अफोन्सोचे ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’. हे गाणे निरुपद्रवी नव्हते. अफोन्सोची बरीच गाणी सरकारने बंद पाडलेली होती, हे त्यातून सुटलेले. सुरुवातीला वाद्य नाहीच, खडीवरून एका तालात चालणाऱ्या पावलांचा आवाज, आणि मग समूहाने ओळी उचलून धरणे. ते वाजले म्हणजे मोहीम सुरू झाली, आता माघार नाही, असा संकेत होता. देशभरच्या तुकड्या निघाल्या. संध्याकाळपर्यंत पंतप्रधान मार्सेलु काएतानो शरण आला, आणि रस्त्यात लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोचली. त्या दिवसाला कार्नेशन क्रांती म्हणतात.

कार्यक्रमात हे दोन भागांत करा. २४ एप्रिलला हरलेले गाणे, २५ ला पावलांचे. दुसऱ्या भागाला फार शब्द लागत नाहीत. पावलांचा तो आवाज पूर्ण वाजू द्या आणि तुम्ही गप्प बसा.

जमैकातला २२ एप्रिल १९७८ याच जातीचा. किंग्स्टनच्या ‘वन लव्ह पीस’ जलशात बॉब मार्लीने गाता गाता दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांना, पंतप्रधान मायकल मॅनली आणि विरोधी नेता एडवर्ड सिएगा यांना, मंचावर बोलावून त्यांचे हात डोक्यावर एकत्र धरले. हिंसा त्यामुळे थांबली नाही, १९८० ची निवडणूक रक्तरंजित झाली. हेही त्याच भागात सांगा. नाहीतर छायाचित्र सुंदर आणि इतिहास खोटा.

आता संगीतप्रकारांच्या जन्मदिवसांबद्दल. हिपहॉपचा वाढदिवस ११ ऑगस्ट १९७३ मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेलने शाळा सुरू होण्याआधी कपड्यांना पैसे जमवायला पार्टी ठेवली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेश, आणि तबकड्या लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यातला निव्वळ तालाचा तुकडा लांबवायचा, कारण नाचणारे त्याचीच वाट पाहतात, हे त्याने हेरले होते. पुढे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून तो तुकडा हवा तितका फिरवत ठेवण्याचे तंत्र त्याने घडवले. ते सारे त्याच रात्री तयार होते असे समजू नका. एखादा संगीतप्रकार एका रात्रीत जन्मत नाही. आजूबाजूच्या गल्ल्यांत दुसरेही डीजे होतेच. मग हीच तारीख का टिकली? कारण पार्टीचे हाताने लिहिलेले आमंत्रण होते, त्यावर तारीख, वेळ आणि पत्ता होता. इतिहासात कागद ठेवणारा जिंकतो. तरी ही तारीख मी आनंदाने वापरते. अमेरिकी सिनेटनेही २०२१ मध्ये ११ ऑगस्ट हा हिपहॉपचा दिवस म्हणून मान्य केला.

जन्माइतकाच मृत्यूचा दिवसही संशयास्पद. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये रेडिओ निवेदक स्टीव्ह डालने लोकांनी आणलेल्या डिस्को तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवली. तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, हिरवळीची वाट लागली, दुसरा सामना होऊच शकला नाही आणि तो डेट्रॉइटला बहाल झाला. ‘डिस्को मेला तो दिवस’ असे याची ओळ सर्वत्र असते. पण पुढचे काही आठवडे पाहा. १४ जुलैच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर डोना समरचे ‘बॅड गर्ल्स’ होते. ऑगस्टमध्ये शीक या गटाचे ‘गुड टाइम्स’ पहिले आले. सप्टेंबरमध्ये शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ निघाले, रॅपची पहिली मोठी लोकप्रिय तबकडी, आणि तिच्या तळाशी चालणारा बेस चक्क ‘गुड टाइम्स’चा! त्याच शिकागोत वेअरहाउस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स तबकड्या लावत होता, आणि त्यातून पुढे हाउस हे नाचाचे संगीत आले. डिस्कोविरोधाच्या त्या रात्री कृष्णवर्णीय आणि समलिंगी श्रोत्यांच्या संगीताबद्दलचा राग किती आणि निव्वळ हुल्लडबाजी किती, यावर आजही वाद होतात. निवेदक स्वतः तो आरोप नाकारतो. मला विचाराल तर तिथे जमलेल्या ढिगात डिस्को नसलेल्या, केवळ कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्याही होत्या असे त्या रात्री हजर असलेल्यांनी सांगितले आहे, आणि ते पुरेसे बोलके आहे.

बीटल्स कधी फुटले, हा प्रश्नही असाच. लेननने सोबत्यांना खासगीत सांगितले सप्टेंबर १९६९ मध्ये, वृत्तपत्रात मथळा आला १० एप्रिल १९७० रोजी, मॅकार्टनीने कोर्टात दावा लावला ३१ डिसेंबर १९७० ला, कायद्याने भागीदारी संपली जानेवारी १९७५ मध्ये. १० एप्रिल घ्या, पण जगाला कळले तो दिवस म्हणून.

योगायोगांच्या मागे लागू नका. १६ ऑगस्टला ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन (१९३८), एल्व्हिस (१९७७) आणि अरेथा फ्रँकलिन (२०१८) गेले, हे ऐकायला थरारक आहे. वर्षाला दिवस ३६५ आणि प्रसिद्ध कलाकार हजारो, तेव्हा असे होणारच. त्या दिवशी तिघांना दोन-दोन मिनिटे देण्यापेक्षा एकाला पूर्ण वेळ द्या, बाकीचे दोघे पुढल्या वर्षांसाठी राहू देत. प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांबाबतही हात आखडता ठेवा. २५ जून १९६७ च्या ‘अवर वर्ल्ड’ या उपग्रह प्रसारणात बीटल्सनी ‘ऑल यू नीड इज लव्ह’ गायले, त्याच्या प्रेक्षकांचे अंदाज ४० कोटींपासून ७० कोटींपर्यंत कसेही मिळतात. इतके अंतर असलेला आकडा सांगून काय मिळणार? प्रसारणात १४ देश सहभागी होते, हे सांगितले तर निदान हिशोब लागतो.

तारीख पडताळायची कशी? स्टुडिओच्या नोंदवह्या आणि वादकांच्या संघटनेकडे भरलेली मानधनाची कागदपत्रे सर्वांत विश्वसनीय, कारण त्यावर पैसे अवलंबून असतात. त्यानंतर दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र. मग व्यावसायिक साप्ताहिके. कलाकाराची आत्मकथा सर्वांत शेवटी; माणसांना प्रसंग आठवतो, हवामान आठवते, तारीख सहसा नाही. २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, हजारो साक्षीदार आणि ध्वनिफीतही उपलब्ध, तरी लोक ओरडले ते गिटारवर, खराब आवाजावर की कार्यक्रम फार लवकर आटोपला म्हणून, हे अजून ठरलेले नाही. तारीख पक्की असूनही अर्थ मोकळा राहतो, आणि असे दिवस कार्यक्रमाला फार चांगले.

ज्या दिवशी काहीच सापडत नाही तेव्हा यंत्रांकडे वळा. २१ जून १९४८ ला कोलंबियाने न्यूयॉर्कमध्ये लाँगप्ले तबकडी दाखवली. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटे मावत, नवीवर वीसहून जास्त. ३१ मार्च १९४९ ला आरसीए व्हिक्टरने मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी बाजारात आणली. अल्बम आणि सुटे गाणे ही विभागणी या दोन तारखांतून आली, आणि पुढच्या निम्म्या शतकाचे संगीत तिच्यावर चालले. १ ऑगस्ट १९८१ च्या मध्यरात्री गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारे एमटीव्ही सुरू झाले, तेव्हा मॅनहॅटनमध्ये ते दिसतच नव्हते. वाहिनीची माणसे स्वतःचेच उद्घाटन पाहायला नदीपलीकडे न्यू जर्सीत गेली.

१ जानेवारीला सुरुवात करणार असाल तर पहिल्याच दिवशी तीन पर्याय समोर येतील. १९५३ चा हँक विल्यम्स वर सांगितलाच. १९६४ मध्ये त्या दिवशी मँचेस्टरच्या एका जुन्या चर्चमधून बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ सुरू झाला. आणि १९६२ मध्ये बीटल्सनी लंडनमध्ये डेक्का या तबकड्यांच्या कंपनीसमोर चाचणी दिली: बर्फातून तासन्‌तास गाडीने प्रवास करून आदल्या रात्री पोहोचलेले चौघे, ड्रमवर अजून पीट बेस्ट, १५ गाणी. मी १९६२ घेईन. फक्त एक ध्यानात ठेवा. नकार त्या दिवशी आला नव्हता, तो काही आठवड्यांनी कळला. तेव्हा ‘डेक्काने बीटल्सना नाकारले’ असे लिहू नका, ‘चाचणी घेतली’ असे लिहा.